पिन बसली, पण व्होल्ट जुळले का?

वाचक विचारतात

परदेशी निघालेल्यांची पत्रं दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येतात. यंदा मार्चपासूनच ढीग लागला, म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, सांगलीत माधवनगर रस्त्याला माझं मोटार भरायचं दुकान आहे. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणं, म्हणजे आतलं तारेचं वाइंडिंग नव्यानं गुंडाळणं, हे माझं ३१ वर्षांचं काम. जळालेली वस्तू उघडली की ती कशानं जळाली हे समजतं, आणि परदेशी नेलेल्या किंवा परदेशातून आणलेल्या वस्तू माझ्या टेबलावर येतात त्यातल्या बहुतेक एकाच चुकीनं जळालेल्या असतात. पिन बसली म्हणजे काम झालं, असं माणसाला वाटतं. पिनेचा आकार आणि विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची उत्तरं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

*आम्ही आठ बागायतदार जूनमध्ये नेदरलँड्स आणि जर्मनीला जातोय. दुकानदार सगळ्या देशांत चालणारा अडॅप्टर घ्या म्हणतो. तीनशेपासून अडीच हजारांपर्यंत आहेत. कुठला घ्यावा? प्रत्येकी एक लागेल का?*
– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

दादा, तुम्ही जाताय तिथली वीज आपल्यासारखीच आहे, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते तो आकडा). त्यामुळे दाबाची चिंता नाही, प्रश्न फक्त पिनेचा. मोबाइलच्या चार्जरला दोन बारीक गोल पिना असतील तर त्या तिथल्या सॉकेटमध्ये बहुधा तशाच जातील. पण तिथलं सॉकेट आपल्यासारखं सपाट नसतं. आमटीच्या वाटीसारखं गोल आणि आत खोल असतं, आणि भोकं त्या वाटीच्या तळाशी. आपला चार्जर अंगानं जाड असला तर तो वाटीच्या काठावरच अडतो आणि पिना तळापर्यंत पोचत नाहीत. काही चार्जरच्या पिनाही जाड असतात. जोर लावून बसवू नका, सॉकेट फाकलं तर हॉटेलवाला पैसे मागेल. लॅपटॉपचा थ्री पिन प्लग मात्र मुळीच जाणार नाही, त्याला अडॅप्टर हवाच.

सगळ्या देशांचा अडॅप्टर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तीनशे रुपयांतला एक मी मध्यंतरी उघडून पाहिला. सरकत्या पिनांना आतून जोडणारी पितळी पट्टी पोस्टकार्डासारखी पातळ होती आणि तिचा ताण दहा-बारा वेळा पिन घालून-काढूनच गेला होता. पट्टी सैल झाली की ठिणगी पडते, ठिणगीनं उष्णता, उष्णतेनं प्लास्टिक मऊ. महागातले बरे असतात, पण त्यांतल्याही बहुतेकांना अर्थिंग नसतं. आपली तिसरी पिन आत जाते खरी, पण तिथं कशालाच टेकत नाही. त्यापेक्षा फक्त युरोपचा, बाजूला अर्थिंगच्या दोन पट्ट्या असलेला साधा अडॅप्टर घ्या. स्वस्त पडतो आणि घट्ट बसतो.

आठ जणांना आठ लागणार नाहीत. खोलीमागे एक अडॅप्टर आणि घरातला चार सॉकेटचा, चांगल्या वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. त्यावर दोघांचे मोबाइल, घड्याळं, लॅपटॉप सगळं चालेल. त्या बोर्डावर इस्त्री किंवा किटली लावायची नाही, हे मात्र आठही जणांना निघण्याआधी सांगून ठेवा.

आणखी एक. दुकानात "टाइप सी द्या" म्हणू नका. भिंतीत जाणाऱ्या युरोपच्या दोन गोल पिनांनाही टाइप सी म्हणतात आणि मोबाइलच्या केबलच्या टोकालाही. माझ्याकडे येणारा एक मुलगा अडॅप्टर म्हणून केबल घेऊन जर्मनीला पोचला होता. "युरोपचा, अर्थिंगवाला" असं म्हणा.

*सुनेचं बाळंतपण आहे, न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी जाणार आहोत. घरचा ७५० वॅटचा मिक्सर, शेकायची विजेची पिशवी आणि पाणी तापवायचा रॉड नेणार आहे. यांना झोपेत श्वासाचं मशीन लागतं, कानालाही यंत्र आहे. तिथं हे सगळं चालेल ना? मुलगा म्हणतो काही आणू नकोस, पण तिथला मिक्सर आपल्या चटणीला पुरत नाही म्हणतात.*
– एक आजी, विश्रामबाग

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण यात जिवाशी संबंध असलेली वस्तू आहे. म्हणून आधी काकांच्या मशीनचं बोलू.

मशीनला जोडलेला काळा ठोकळा असतो, तो उलटा करा. बारीक अक्षरांत इनपुट असं लिहिलेलं असेल. त्यापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं दिसलं तर ते मशीन अमेरिकेत निर्धास्त चालेल, फक्त पिनेचा अडॅप्टर लागेल. अलीकडच्या बहुतेक मशीनवर हेच असतं, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, ठोकळा स्वतः वाचा. अक्षरं दिसत नसतील तर नातवाला मोबाइलनं फोटो काढून मोठा करायला सांगा. मशीन हातातल्या सामानात ठेवा, खालच्या बॅगेत देऊ नका. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. पाण्याची टाकी असेल तर ती रिकामी करून, पुसून भरा. अडॅप्टर दोन न्या, एक हरवला तर रात्र तशी जायला नको. कानाच्या यंत्राची चार्जिंगची डबी केबलवर चालणारी असेल तर तीही मोबाइलच्या चार्जरवर चालते. सेलवालं असेल तर प्रश्नच नाही.

आता पिशवी आणि रॉड. दोन्ही इथंच ठेवा. तिथं १२० व्होल्ट असतात, आपल्या निम्म्याच्या जवळपास. माणसाला वाटतं, निम्मा दाब म्हणजे निम्मी उष्णता, जरा वेळ जास्त लावू. तसं होत नाही. दाब निम्मा झाला की तापवणाऱ्या कॉईलची ताकद पाव होते. तुमचा १००० वॅटचा रॉड तिथं जेमतेम २७० वॅटचा होईल. बादलीभर पाणी तापायला दोन-तीन तास जातील. बाळंतिणीला शेकायला रबराची पिशवी न्या, त्यात गरम पाणी भरायचं. तिला कुठलाच व्होल्ट लागत नाही.

मिक्सरचंही तेच. तिथं तो फिरेल, पण थकलेल्या बैलासारखा. कोरडे शेंगदाणे कदाचित निघतील. ओलं खोबरं घातलं की पातं अडेल आणि अडलेल्या मोटारीचं वाइंडिंग तापतं. व्होल्ट वाढवायचा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरच्या ताकदीला पुरेल एवढा घ्यायचा तर तो विटेपेक्षा जड होतो. त्यापेक्षा आपल्याच पद्धतीचे, पाट्यावरच्यासारखी चटणी वाटणारे, तिथल्या व्होल्टवर चालणारे मिक्सर अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत मिळतात. मुलाला आधी घेऊन ठेवायला सांगा. मेतकूट आणि डिंकाचे लाडू मात्र इथूनच करून न्या, त्यांना वीज लागत नाही.

येताना जास्त सांभाळा. उलटी चूक फार महागात पडते. मागच्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी लेकीकडून कॉफीचं मशीन आणलं. पाठीवर १२० व्होल्ट, ९०० वॅट असं ठळक छापलेलं होतं. घरी पिन बदलणारा अडॅप्टर होता, पिन बसली, बटण दाबलं. तेच ९०० वॅटचं मशीन आपल्या २३० व्होल्टवर ३३०० वॅट ओढतं. माझ्याकडे आलं तेव्हा तळाचं प्लास्टिक मेणबत्तीसारखं ओघळलेलं होतं. स्क्रू काढले तर तापवणाऱ्या नळीशेजारी बांधलेला थर्मल फ्यूज, पांढऱ्या काचतंतूच्या नळीत असतो तो, काळाठिक्कर पडला होता. त्या बोटभर फ्यूजनं घर वाचवलं. तो उडाला नसता तर पुढचं काय झालं असतं ते मला इथं लिहायचं नाही. लेकीकडून आणलेली वस्तू, टाकवत नव्हती त्यांना. मी दुरुस्त करून दिली नाही. दुरुस्त झालीही असती, पण कुणीतरी पुन्हा भिंतीला लावली असती.

तेव्हा मावशी, सून कितीही प्रेमानं देऊ लागली तरी केस वाळवायचं यंत्र, टोस्टर, भात शिजवायचं भांडं यांपैकी काहीही त्यावर छापलेले व्होल्ट वाचल्याशिवाय आणू नका.

*वालचंदमधून यंदा इंजिनिअरिंग झालं. सप्टेंबरमध्ये जपानला, आधी टोकियोत सहा महिने आणि मग ओसाकाला जाणार. टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६० हर्ट्झ असं वाचलं. एका देशात असं कसं? माझ्या लॅपटॉपला त्रास होईल का?*
– एक विद्यार्थी, सांगली

लॅपटॉपला त्रास होणार नाही. चार्जरवर १००-२४० असेल. जपानमध्ये १०० व्होल्ट, म्हणजे तू अगदी खालच्या काठावर चालशील, पण काठाच्या आतच.

हर्ट्झचं मात्र तू वाचलंस ते खरं आहे. १८९५ च्या सुमारास टोकियोच्या वीज कंपनीनं जर्मनीहून जनित्रं मागवली, ती ५० हर्ट्झची. ओसाकानं अमेरिकेची घेतली, ती ६० ची. जो तो आपापल्या जनित्रावर वाढत गेला आणि आजही फुजी नदीच्या पूर्वेला ५०, पश्चिमेला ६० आहे. याची किंमत त्यांनी मार्च २०११ च्या भूकंपानंतर मोजली. पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली, पश्चिमेला वीज होती, पण एका हर्ट्झची वीज दुसऱ्यात बदलणारी केंद्रं कमी पडली आणि टोकियोच्या भागात आळीपाळीनं वीज बंद ठेवावी लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन खरेद्यांचा हा परिणाम. इंजिनिअर झालास, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तुला अडचण येईल ती पिनेची. तिथं दोन चपट्या पिनांची सॉकेट सर्रास असतात, तिसरं भोक जुन्या घरांत नसतंच. म्हणून तीन पिनांचा अमेरिकन अडॅप्टर नेऊ नकोस, दोन चपट्या पिनांचाच ने. मग लॅपटॉपला अर्थिंग मिळणार नाही. पत्र्याच्या अंगाचा लॅपटॉप असेल तर चार्जिंगला असताना मनगट टेकवलं की बारीक झिणझिण्या येतील, बोट हलकं फिरवलं तर पत्रा खरखरीत लागेल. चार्जरमध्ये विजेतली खरखर गाळणारा कपॅसिटर नावाचा भाग असतो, त्यातून अगदी थोडा करंट अंगावर येतो, त्याचं हे लक्षण. चार्जर चांगला असेल तर यानं इजा होत नाही. पण झिणझिण्यांऐवजी झटका बसला तर तो चार्जर त्याच दिवशी टाकून दे. आईला फोनवर हे सांगू नकोस, चार्जर टाकलास एवढंच सांग.

*मी गाते. लंडनला दोन आणि टोरांटोला एक कार्यक्रम आहे. खरा तंबोरा विमानातून नेणं जमत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुरा नेते. तो पंधरा वर्षांचा आहे, सोबतचा अडॅप्टर जड आहे. मैफलीत मध्येच बंद पडला तर?*
– एक गायिका, मिरज

ताई, "जड आहे" हे तुम्ही लिहिलंत यातच अर्धं उत्तर आहे. तुमचा अडॅप्टर म्हणजे पिन बदलणारा नव्हे, तानपुऱ्याला दाब कमी करून देणारा ठोकळा. हातात घेतल्यावर जो अडॅप्टर दगडासारखा लागतो, त्याच्या आत लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो. तो एकाच दाबासाठी बनवलेला असतो. हलका असतो तो नव्या पद्धतीचा आणि बहुधा १०० ते २४० कुठंही चालतो. तुमचा बहुतेक फक्त २३० चा असणार.

लंडनला २३० व्होल्टच आहेत, तिथं तो छान चालेल. फक्त तिथली पिन वेगळी, तीन चौकोनी जाड पिना. वरची लांब पिन आधी आत जाते आणि खालच्या दोन भोकांवरचे पडदे उघडते. आपल्याकडे वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसून दोन पिनांचा चार्जर घालायची वाईट सवय आहे, ती तिथं करू नका. तिथल्या प्लगच्या पोटातच फ्यूज असतो, तसा फ्यूज असलेलाच पिनेचा अडॅप्टर घ्या. १९४७ पासून त्यांनी हा प्लग ठेवला आहे आणि माझ्या मते त्याहून सुरक्षित प्लग दुसरा नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो उघडून बघण्यासारखा आहे.

टोरांटोला १२० व्होल्ट. तिथं तुमचा जड अडॅप्टर जळणार नाही, पण निम्माच दाब देईल. तानपुरा एक तर लागणार नाही, नाहीतर लागेल आणि आवाज बसलेला येईल. ज्याच्यावर तुम्ही षड्ज लावणार, तोच डळमळीत असला तर काय उपयोग? म्हणून निघण्याआधी नवा, १००-२४० चा हलका अडॅप्टर घ्या. घेताना जुन्यावरच्या तीन गोष्टी जुळवा. आउटपुटचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपियर तेवढे किंवा जास्त हवेत. आणि तिसरी गोष्ट दुकानदारही विसरतात. अडॅप्टरवर एका ठिपक्याभोवती अर्ध्या गोलाचं छोटं चित्र असतं, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. पिनेच्या पोटात अधिक की बाहेरच्या कड्याला, हे ते चित्र सांगतं. ते उलटं झालं तर तानपुरा एका क्षणात जाईल. जुना अडॅप्टर आणि तानपुरा दोन्ही घेऊन दुकानात जा, तिथंच लावून अर्धा तास सुरात ठेवा. सेलवर चालणारा असेल तर नवे सेलही जवळ ठेवा. कार्यक्रम सेलवरच केलात तर आणखी चांगलं, विजेची घरघर स्पीकरमध्ये येत नाही.

*विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली आणि पॉवर बँक काढून घेतली. तीस हजारांची होती. नियम काय आहे?*
– एक व्यापारी, इस्लामपूर

तीस हजार म्हणजे मिलीअँपिअर-तास असं धरतो. दोन गोष्टी झाल्या असतील. पॉवर बँक खालच्या बॅगेत देता येत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. विमानाच्या पोटातल्या सामानात ती पेटली तर कुणाला दिसणार नाही, हे कारण. दुसरं, मर्यादा वॅट-तासात मोजतात. हिशेब सोपा आहे. मिलीअँपिअर-तासाला हजारानं भागा आणि ३.७ नं गुणा. वीस हजारांची ७४ वॅट-तास होते, ती चालते. तुमची १११ होते. शंभरापर्यंत विचारावं लागत नाही, शंभर ते एकशेसाठला विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे नेताच येत नाही. जिच्यावरचा आकडा पुसून गेला आहे ती घरीच ठेवा, अधिकाऱ्याला आकडा दिसला नाही तर तो काढून घेणारच.

नियम आता आणखी कडक होत आहेत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधी एका विमानाला आतून आग लागली. सगळे १७६ जण वाचले, विमानाचं छप्पर मात्र जळून गेलं. तपासाचा रोख पॉवर बँकेकडे होता. त्यानंतर सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली, एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून. एमिरेट्सला माणशी एकच न्यायची, शंभराच्या आतली, आणि ती वरच्या कप्प्यात न ठेवता समोरच्या सीटच्या कप्प्यात किंवा पायाशी ठेवायची. आपल्या विमान कंपनीचा नियम निघायच्या आदल्या दिवशी पाहा, म्हणजे घेतलेली वस्तू टाकून द्यावी लागणार नाही.

पॉवर बँक जाण्याचं दुःख मला कळतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत वीज नव्हती. मी दुकानातली ट्रॅक्टरची बॅटरी गच्चीवर चढवली होती आणि दिवसाला तीस-चाळीस मोबाइल लावत होतो. एका बाईंचा मुलगा होडीतून दुसऱ्या वाडीत गेला होता. त्यांचा फोन चार टक्क्यांवरून वीसवर येईपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या. चार्जिंग म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. म्हणूनच सांगतो, सूज आलेली, पोट फुगलेली पॉवर बँक घरातसुद्धा ठेवू नका, मग विमानात नेणं तर दूरच. ती सपाट टेबलावर ठेवून बोटानं फिरवून बघा. भोवऱ्यासारखी फिरली तर फुगली आहे.

*विमानतळावर फुकट चार्जिंगची यूएसबीची भोकं असतात. त्यातून बँकेचे पैसे जातात म्हणे?*
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, त्या भोकातून वीज आणि माहिती दोन्ही जाऊ शकतात, म्हणून रिझर्व्ह बँकेनंही लोकांना सावध केलं आहे. स्वतःचा चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावा, त्यातून फक्त वीज येते. अगदीच नाइलाज झाला तर फोन "माहिती देऊ का?" असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

*हॉटेलात रात्री उशिरा आलो, मोबाइल लावून जेवायला गेलो, परत आलो तर तेवढाच चार्ज. सॉकेट खराब होतं का?*
– एक वाचक, कराड

सॉकेट चांगलं असणार. दाराजवळच्या खाचेत खोलीचं कार्ड घातलं तरच खोलीतली वीज चालू राहते, तुम्ही कार्ड काढून नेलंत आणि खोली बंद झाली. खाली काउंटरवर दुसरं कार्ड मागा, बहुतेक ठिकाणी देतात. नाही दिलं तर छोट्या फ्रिजमागचं सॉकेट पाहा. फ्रिज बंद पडू नये म्हणून ते बऱ्याच हॉटेलांत वेगळ्या लाइनवर असतं. फ्रिजचा प्लग काढलात तर परतल्यावर आठवणीनं लावा, आत कुणाचं तरी इन्सुलिन असू शकतं.